रंगाऱ्याचं खारं पाणी

ओढ्याला लाल पाणी आलं की पुण्यात पुढचं सगळं ठरलेलं असतं. कुणीतरी पुलावर गाडी थांबवून व्हिडिओ काढतं, तो सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाची माणसं नमुने घेऊन जातात आणि आसपास जो कुणी डाईंगवाला सापडेल त्याच्या हातात नोटीस पडते. तो, बिचारा म्हणा किंवा बेरकी म्हणा, धावपळ करून ‘ईटीपी’, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, बसवतो: दोन टाक्या, एक मोटर, तुरटीची पोती, वाळूचा फिल्टर. ओढा पुन्हा नेहमीसारखा काळपट वाहायला लागतो आणि सगळ्यांचं समाधान होतं.

या खटाटोपात पैसा खर्च होतो तो रंग घालवण्यावर. ज्याने जमीन आणि विहिरी खरोखर बिघडतात ते मीठ मात्र त्या दोन टाक्यांतून जसंच्या तसं पुढे जातं. लहान रंगाऱ्याला परवडेल असं शुद्धीकरण होऊ शकतं, पण त्याची सुरुवात गटाराच्या तोंडाशी करून भागणार नाही, ती रंगाच्या पातेल्यापाशीच करावी लागेल. आणि त्यापुढचं काम एकेकट्या रंगाऱ्याच्या गळ्यात मारण्याचा हट्ट सरकारने सोडावा लागेल.

‘पुण्यात रंगारी आहेत तरी किती?’ असा प्रश्न लगेच येतो. भाऊसाहेब रंगारी गणपतीमुळे सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या घराण्याचा धंदा शालू रंगवण्याचा होता हे तितकंसं लक्षात राहत नाही. पेठांतला तो धंदा पूर्वीइतका राहिला नसला तरी संपलेला नाही. लक्ष्मी रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत दुपट्टा, ब्लाऊजपीस, अस्तर मॅचिंग करून देणारे आहेत. उपनगरांत पत्र्याच्या शेडमध्ये टी-शर्टचं कापड, सूत रंगवणारे, जीन्स वॉशिंगवाले आहेत. घराच्या गच्चीवर टाय-डाय आणि बाटिक करणाऱ्या बायका आहेत, त्यांचा माल भीमथडी जत्रेत आपण कौतुकाने घेतो. इचलकरंजी किंवा सोलापूरसारखा इथे या धंद्याचा गजबजाट नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. विखुरलेल्या लोकांसाठी कुणी योजना आखत नाही. नियम मात्र त्यांना मोठ्या गिरणीचाच लागतो. ज्यातून सांडपाणी निघतं असा कापड रंगवण्याचा कोणताही उद्योग सर्वाधिक प्रदूषणकारी अशा लाल वर्गात, आणि २०१६ साली अधिसूचित झालेल्या मर्यादा सगळ्यांना सारख्या: पाण्यातली घाण मोजायची दोन मापं, बीओडी ३० आणि सीओडी २५०, विरघळलेले क्षार म्हणजे टीडीएस लिटरला २१०० मिलिग्रॅम, रंग १५० एकक.

यातल्या २१०० या आकड्यापाशी जरा थांबू.

समजा दहा किलो सुती कापडाचा एक लॉट आहे. सुतीसाठी आज सर्रास रिॲक्टिव्ह रंग वापरतात, कारण ते पक्के बसतात आणि छटा झळझळीत येते. लहान शेडमध्ये एका किलोला वीस लिटर या हिशेबाने रंगवायचं पाणी, रंगाऱ्याच्या भाषेत बाथ, घेतात, म्हणजे २०० लिटर पाणी. रंग पाण्यात न रेंगाळता सुताकडे जावा म्हणून त्यात मीठ टाकायचं: फिक्या छटेला कमी, गडदला जास्त, मधल्या छटेला लिटरला ५० ग्रॅम धरा. झालं दहा किलो मीठ. पुढे रंग पक्का करायला धुण्याचा सोडा, लिटरला २० ग्रॅम, म्हणजे आणखी चार किलो. म्हणजे जेवढं कापड तेवढंच मीठ, वर सोडा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे पातेलं त्याच्या दुप्पट खारं झालं. यातला मिठाचा कणही कापडावर राहत नाही. रंग तरी साठ-सत्तर-ऐंशी टक्के बसतो, मीठ शंभर टक्के बाहेर येतं.

नंतर धुणं. एक थंड, एक गरम, एक साबणाचं, पुन्हा गरम, पुन्हा थंड, असे पाच हात धरले तर हजार लिटर. आता आपला रंगारी काय करतो? सगळं एकाच मोरीत सोडतो. चौदा किलो क्षार बाराशे लिटर पाण्यात मिसळले की लिटरला साडेअकरा हजार मिलिग्रॅमच्या वर जातात. मर्यादेच्या पाचपटीहून जास्त. हे पाणी नुसत्या पाण्याने पातळ करून नियमात बसवायचं म्हटलं तर साडेसहा हजार लिटरांवर न्यावं लागेल. काही ठिकाणी बोअरचं पाणी मिसळून हेच चालतं. त्याला शुद्धीकरण म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी एक प्रयोग करून पाहावा. कुठल्याही डाईंगच्या शेडमधलं एकत्र झालेलं लाल पाणी काचेच्या ग्लासात घ्यायचं. चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, टाकायचा, मग चुन्याची निवळी, आणि चमच्याने आधी भरभर, मग अगदी हळू ढवळायचं. पाणी आधी घाण हिरवट-तपकिरी होतं आणि ग्लास फेकून द्यावासा वाटतो. थोड्या वेळाने त्यात बारीक कण दिसू लागतात, त्यांचे पुंजके होतात, ते जड होऊन खाली बसतात. डोस नीट जमला तर वर बऱ्यापैकी नितळ पाणी राहतं. पाहणारा खूश होतो. आता त्या नितळ पाण्यात टीडीएस मीटर बुडवा, आरओच्या दुकानात मिळतो तो पेनासारखा. त्यातल्या बऱ्याच मीटरांची धाव दहा हजारांच्या आतच संपते. काटा असता तर टोकाला टेकला असता. हिराकस टाकण्याआधीही तेच आणि नंतरही तेच, उलट चुना-हिराकसाची थोडी भरच पडलेली. तुरटी, चुना, वाळू, कोळसा यांपैकी कशालाही मिठाचं काही वाटत नाही. सूक्ष्मजीवांनाही ते खाता येत नाही. ते काढायचे रुळलेले मार्ग दोनच: आरओचा पडदा, नाहीतर आटवणं. दोन्ही महाग, आणि आरओ लावला तरी त्याच्या मागून निघणारं जास्तच खारं पाणी आटवावंच लागतं.

यावर डाईंगवाल्यांचं उत्तर ठरलेलं आहे: ‘अहो, अख्ख्या शहराचं मैलापाणी नदीत जातंय, आमच्या चार बादल्यांनी काय होतंय?’ हे उत्तर उडवून लावण्यासारखं नाही. मुळा-मुठेची दशा मुख्यतः महापालिकेच्या सांडपाण्यानेच झाली आहे. जपानच्या कर्जातून शुद्धीकरण केंद्रं बांधण्याचा करार जानेवारी २०१६ मधला, आणि तो किती रखडला ते पुणेकरांनी पाहिलं आहे. रंगाऱ्याला नोटीस काढताना यंत्रणेला जो उत्साह येतो तो महापालिकेच्या बाबतीत कुठे जातो, हा प्रश्न रास्तच आहे. पण मैलापाणी आणि मीठ यांत एक फरक आहे. मैलापाण्यावर उद्या सगळी केंद्रं नीट चालली तर इलाज होईल. मीठ त्या नव्या केंद्रांतूनही सहीसलामत बाहेर पडेल.

आणि बाहेर पडून जाईल कुठे? मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे उपसा विहिरीतून, शहराचं वापरलेलं पाणी उचलून जुन्या उजव्या कालव्यात, ज्याला लोक बेबी कालवा म्हणतात, सोडलं जातं. त्यावर हवेली आणि दौंडची शेती भिजते. उरलेलं भीमेतून उजनीला जातं, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. सोडियमवालं पाणी काळ्या जमिनीला वर्षानुवर्षं मिळालं की काय होतं हे त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरेनासं होतं, वर कवच धरतं, वाफसा येत नाही. जमीन चोपण झाली की जिप्सम टाका, चर काढा, हिरवळीचं खत गाडा, आणि एवढं करूनही वाट पाहा. पुण्याच्या रंगाऱ्यांचा यातला वाटा लहान आहे, हे मान्य. पण ज्या ओढ्यावर दोन-चार शेड आहेत तिथल्या विहिरीला हा वाटा लहान नसतो.

मग करायचं काय? मघाचाच हिशेब पुन्हा घेऊ, फक्त बाथ आणि धुण्याचं पाणी एकत्र न करता. रंगाई संपली की कापड वर उचलून दांड्यावर निथळू द्यायचं, आणि पातेल्यातलं पाणी मोरीत न सोडता वेगळ्या पिंपात घ्यायचं. दहा किलो कापड निथळल्यावरही वीस-पंचवीस लिटर पाणी धरून ठेवेल. बाकी पावणेदोनशे लिटर पिंपात गेलं, आणि त्याबरोबर आठातला एक हिस्सा सोडून बाकीचे, म्हणजे बाराएक किलो क्षार गेले. कापडाबरोबर उरले पावणेदोन किलो. ते पुढच्या हजार लिटर धुण्यात उतरले की लिटरला साधारण १७५० मिलिग्रॅम होतात. मर्यादा २१००. कापड पिळून काढलं तर आकडा आणखी खाली येतो. यासाठी लागलं काय? एक पिंप, एक नळ, आणि मोरीचा बोळा लावून ठेवायची सवय. आरओ नाही, वीज नाही.

एवढी सोपी गोष्ट कुणी करत का नाही, याचं कारण मला वाटतं की ती कुणाच्या फायद्याची नाही. ईटीपी विकणाऱ्याला पिंप विकून काय मिळणार? तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याच्या फॉर्मवर ‘यंत्रणा बसवली आहे का’ असा रकाना असतो. ‘बाथ वेगळा काढता का’ हा रकाना माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि मीठ स्वस्त आहे. ते महाग असतं तर रंगाऱ्यांनी कधीच त्याचा हिशेब ठेवला असता, जसा ते रंगाच्या ग्रॅमाग्रॅमचा ठेवतात.

मुळात मीठच कमी करता येतं, तेही पाहायला हवं. लांब ताग्याचं कापड असेल तर कोल्ड पॅड बॅच नावाची पद्धत आहे. रंग आणि सोड्याच्या द्रावणातून कापड बुडवून, रुळांमध्ये पिळून गुंडाळायचं, वर प्लॅस्टिक लपेटून रात्रभर ठेवून द्यायचं, सकाळी धुवायचं. मीठ शून्य, वाफ शून्य. टाय-डायवाल्या बायका नकळत हेच करतात: सोड्यात भिजवलेल्या कापडावर रंग ओतून बांधून ठेवतात. सुटा दुपट्टा किंवा सुताच्या लड्या यांना मात्र ही रुळांची पद्धत लागू पडत नाही. डायरेक्ट या दुसऱ्या जातीच्या रंगाचा बाथ त्याच छटेला पुन्हा वापरता येतो. रिॲक्टिव्हचा येत नाही, कारण न बसलेला रंग पाण्याशी जुळून निकामी झालेला असतो. दिवसाच्या कामाचा क्रम फिक्याकडून गडदकडे लावला की पातेलं धुण्याचं पाणी वाचतं. शेवटचं धुणं पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला चालतं. हे मुरलेल्या मास्टरला माहीत असतं, पण पाणी फुकट असताना कोण करेल?

नैसर्गिक रंगांचं नाव इथे हमखास निघतं, म्हणून दोन शब्द. हिरडा, मंजिष्ठा, डाळिंबाची साल, सगळं छान आहे, आणि मीठही फारसं लागत नाही. पण हे रंग कापडाला धरावेत म्हणून तुरटी, हिराकस, कधी मोरचूद वापरतात. मोरचुदाचं तांबं ओढ्यात गेलं तर तिथले जीवजंतू त्याचं ‘नैसर्गिक’ लेबल वाचत बसत नाहीत. तुरटीवर भागवणारे असतील त्यांना माझा नमस्कार. बाकीच्यांनी आपल्या पाण्याची तपासणी करून घ्यावी.

आता ते हजार लिटर रंगीत, पण फारसं खारं नसलेलं धुण्याचं पाणी. याला स्वस्त उपाय खरोखर आहेत. एका टाकीत दिवसभराचं पाणी साठवून एकजीव करणं, ॲसिडने सोड्याची तीव्रता मारणं, हिराकस-चुन्याने रंग खाली बसवणं, वाळूतून गाळणं, आणि जागा असेल तर शेवटी खडी-वाळूच्या वाफ्यात वाळा, कर्दळ, पाणकणीस लावून त्यातून पाणी झिरपू देणं. अशा वनस्पती-वाफ्यांवर नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने आणि पुण्यातल्या सृष्टी इको रिसर्च इन्स्टिट्यूटने बरीच वर्षं काम केलं आहे, कुणाला नव्याने शोध लावायचा नाही. शेवग्याच्या बियांची पूड, उसाच्या चिपाडाची राख यांनीही रंग उतरतो, प्रयोगशाळेत तर हमखास उतरतो. मला या उपायांबद्दल आकस नाही. फक्त विचारावंसं वाटतं की रंग शोषलेली ती राख नंतर कुठे टाकणार? ओढ्याच्या काठावरच टाकणार असाल तर पहिल्या पावसात हिशेब बरोबर.

गाळाचंही तेच. खाली बसलेला तो तपकिरी चिखल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. तो वाळवून, गोणीत भरून, चलन करून रांजणगावच्या प्रक्रिया केंद्रात पाठवायचा असतो. महिन्याला दोन गोण्या गाळ निघणारा माणूस त्या केंद्राचा सभासद होणार, गाडी लावणार, कागद ठेवणार? तो काय करतो हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी विचारत नाही. ‘प्रत्येक युनिटला स्वतःची ईटीपी’ हा नियम खरा इथे फसतो. टाकी बांधता येते. तिची रोज काळजी घ्यायला, डोस बदलायला, गाळ उपसायला माणूस लागतो, आणि जिथे मालकच मास्टर, मालकच हिशेबनीस आणि मालकच डिलिव्हरी बॉय आहे तिथे तो माणूस नसतो.

पिंपातल्या खाऱ्या पाण्याचं काय, हा प्रश्न उरतोच. दिवसाला एकच लॉट असेल तर ते उन्हात आटवता येतं. उघड्यावर दिवसाला सरासरी पाच मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर पावणेदोनशे लिटरला पस्तीस चौरस मीटरचे उथळ ट्रे लागतात. शहराबाहेरच्या शेडला एवढी जागा असते. पण पाणी घट्ट होत जाईल तसं ते हळू आटतं, आणि मृग लागल्यापासून नवरात्रापर्यंत पुण्यात हा उद्योग बंदच समजा. पेठेतल्या गल्लीत तर ट्रे मांडायची बातच नको. तेव्हा हे पाणी गोळा करून कुठेतरी एकत्र आटवणं याला पर्याय नाही.

यावर लोक तिरुपूरकडे बोट दाखवतात. तिथे नोय्यल नदी रंगगिरण्यांच्या पाण्याने इतकी खारावली की सिंचनासाठी बांधलेल्या ओरथुपाळयम धरणातलं पाणी सोडू नका म्हणून खालचे शेतकरी भांडले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगगिरण्या बंद करायला लावल्या, सातशेच्या आसपास. पुढे सामाईक केंद्रांनी आरओ आणि बाष्पीभवन यंत्रणा लावून, सगळं पाणी आणि बरंचसं मीठ परत वापरायला घेऊन काम पुन्हा उभं केलं. राज्य सरकारला त्यासाठी बिनव्याजी कर्ज द्यावं लागलं. ज्यांना हे झेपलं नाही त्यांच्यातले काही बंद पडले, काही आसपासच्या जिल्ह्यांत सरकले. तिरुपूरचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण तिथे निर्यातीचा पैसा होता आणि सगळे एका जागी होते. त्यांनी आटवलं ते सगळ्यांचं सगळं पाणी. बाथ आधीच वेगळा काढला तर आपल्याला सहातला जेमतेम एक हिस्सा आटवायचा आहे.

सरकारी योजना मात्र तिरुपूरच्याच मापाने शिवलेल्या आहेत. केंद्राची प्रोसेसिंगसाठीची एकात्मिक योजना सामाईक केंद्राला निम्मा खर्च, ७५ कोटींपर्यंत देत होती. राज्याचं २०२३ ते २८ चं वस्त्रोद्योग धोरण नावातच ‘शाश्वत’ हा शब्द घेऊन आलं. रविवार पेठेतून रंगाचा डबा आणि मिठाची गोणी आणणाऱ्या माणसापर्यंत यातलं काय पोचतं? त्याला कोटी नकोत. त्याला आठवड्यातून दोनदा येणारा एक टँकर हवा आहे, जो त्याच्या पिंपातलं खारं पाणी आणि गोणीतला गाळ मोजून घेईल, पावती देईल आणि लिटरमागे पैसे घेईल.

टँकरचं पुण्याला नवल नाही. वाघोलीपासून बाणेरपर्यंत सोसायट्यांना पाणी पोचवणारं अख्खं तंत्र या शहरात उभं आहे, कुणी योजना न आखता. भरून न्यायचंही तसंच उभं राहू शकतं, मात्र तिथे नियंत्रण कडक हवं, नाहीतर टँकर रात्री त्याच ओढ्यावर रिकामा होईल. जीपीएस, पावती, उतरवल्याची नोंद, आणि पकडला तर परवाना रद्द. पाणी आटवायची जागा औद्योगिक वसाहतीत देता येईल. बॉयलरची वाया जाणारी उष्णता असलेला एखादा कारखाना सोबत आला तर इंधनही वाचेल.

पैसे कोण देणार? गिऱ्हाईक, दुसरं कोण. सुती दुपट्टा दीडशे ग्रॅमचा धरला तर दहा किलोत सहासष्ट दुपट्टे येतात, आणि एका दुपट्ट्याच्या वाट्याला अडीच-पावणेतीन लिटर खारं पाणी. ते नेऊन आटवायला लिटरला दोन रुपये पडले असं समजलं तरी साडेपाच रुपये होतात. ड्रेसवर मॅचिंग नीट आलं नाही म्हणून दुपट्टा तीनदा परत पाठवणाऱ्या आपल्या मंडळींना ते जड जायचं कारण नाही. रंगारी ते स्वतःहून लावणार नाही, कारण शेजारचा लावत नाही. सगळ्यांना एकाच दिवशी लागले तरच जमेल, आणि ते काम फक्त प्रदूषण नियंत्रण मंडळ करू शकतं.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही. १९७४ च्या जल कायद्याखाली दिल्या जाणाऱ्या संमतिपत्रात मंडळ अटी घालतंच. दिवसाला, समजा, पाच हजार लिटरच्या आत सांडपाणी सोडणाऱ्या युनिटांसाठी तिथे वेगळी अट असावी: बाथ आणि धुण्याचं पाणी वेगवेगळं निघेल असे दोन नळ, बाथ दिल्याच्या पावत्यांची फाइल, आणि मिठाच्या खरेदीची बिलं. वाकडेवाडीच्या कार्यालयात बसून ही बिलं आणि पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या की महिन्याला किती मीठ आत आलं आणि किती बाहेर दिलं ते कळतं, ओढ्यावर बाटली घेऊन जायच्या आधीच.